मर्यादित आवृत्तीच्या रेकॉर्ड आणि छोटं दुकान: फेब्रुवारीच्या यादीपासून मे महिन्याच्या बिलापर्यंत

एप्रिलमधला एक शनिवार, पहाटेचे साडेपाच. इंग्लंडमधल्या एका लहान शहरातल्या आमच्या दुकानाबाहेर साठ-सत्तर माणसं रांगेत उभी असतात. घडीच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा, कुणीकुणी तर रात्रीच येऊन बसलेलं. दिवस रेकॉर्ड स्टोअर डेचा. शटर वर गेलं की दुपारपर्यंत गल्ल्यात एवढी रक्कम जमते, जेवढी एरवी तीन आठवड्यांत जमत नाही.

या दुकानाचे हिशेब मी ठेवते. त्या रकमेतला दुकानाचा स्वतःचा वाटा फार लहान असतो. तोही शेवटी हातात राहणार की नाही, हे संध्याकाळी शेल्फवर उरलेल्या प्रती ठरवतात. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला हापूसच्या पेट्या उचलणाऱ्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पेटीतले वरचे आंबे खरेदी फेडतात, खालच्या थरात नफा असतो.

पुण्या-मुंबईतले ओळखीचे लोक हल्ली विचारतात, रेकॉर्डचं छोटं दुकान काढावं का, आणि या मर्यादित आवृत्त्यांचं काय करावं. त्यांच्यासाठी, आणि अशा दुकानांतून घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीही, आम्ही काय करतो ते क्रमाने लिहिते आहे. आकडे ब्रिटनमधल्या पद्धतीचे आहेत. हिशेबाची रीत कुठेही तीच.

आधी थोडी पार्श्वभूमी

२००७ मध्ये अमेरिकेतल्या काही स्वतंत्र दुकानदारांनी ही कल्पना काढली आणि १९ एप्रिल २००८ ला पहिला रेकॉर्ड स्टोअर डे झाला. कल्पना सरळ होती: काही रेकॉर्ड फक्त त्या दिवशी आणि फक्त स्वतंत्र दुकानांतच मिळतील. ब्रिटनमध्ये २००७ साली वर्षभरात सुमारे दोन लाख एलपी विकल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये तो आकडा सुमारे ६७ लाखांवर गेला. या वाढीत त्या एका दिवसाचा वाटा मोठा आहे असं मी मानते. तरुण मुलं पहिल्यांदा दुकानात आली ती त्या रांगेमुळेच.

पण बाजार वाढला तसा मोठ्या कंपन्यांनीही ‘मर्यादित’ हा शब्द हातात घेतला. २०२२ मध्ये टेलर स्विफ्टचा एकच अल्बम चार वेगळ्या मुखपृष्ठांत आला आणि चारही एकत्र लावली की घड्याळ तयार होत होतं. २०२३ च्या रेकॉर्ड स्टोअर डेला तिच्या एका रेकॉर्डच्या जगभरात मिळून १,१५,००० प्रती निघाल्या, आणि तीही मर्यादित आवृत्तीच होती. त्याच यादीत पाचशे प्रतींची रेकॉर्डही असते. शिक्का एकच, व्यवहार मात्र पूर्ण वेगळे. म्हणून पहिली पायरी ऑर्डरची नाही, वाचण्याची आहे.

पहिली पायरी: ‘मर्यादित’ म्हणजे नेमकं काय, ते ओळखा

यादी दिवसाच्या साधारण दोन महिने आधी येते. त्यात काही नावं फक्त त्या दिवसासाठीची असतात. ती पुन्हा निघणार नाहीत असं गृहीत धरता येतं. काही नावांपुढे ‘आरएसडी फर्स्ट’ असं लिहिलेलं असतं (आरएसडी म्हणजे रेकॉर्ड स्टोअर डे). म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे, आणि काही आठवड्यांनी सगळीकडे. ऑनलाइन मोठ्या दुकानांतही, बहुतेक वेळा स्वस्त. माझ्या मते छोट्या दुकानाला सर्वांत जास्त फसवतात त्या याच रेकॉर्ड. रांगेत मागणी खरी असते, पण सोमवारी उरलेली प्रत जूनमध्ये कुणी आमच्या भावाने घेत नाही. अशी नावं यादीवर लाल पेनाने वेगळी काढा आणि त्यांची ऑर्डर निम्मी करा.

त्या दिवसाबाहेरही वर्षभर मर्यादित आवृत्त्या येत राहतात. स्वतंत्र दुकानांसाठी वेगळ्या रंगाची आवृत्ती निघते, त्याच अल्बमची दुसऱ्या रंगाची आवृत्ती मोठ्या साखळी दुकानाकडे जाते, तिसरी कलाकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, सहीसह. या तिसऱ्या आवृत्तीचा आम्हाला सर्वांत जास्त चटका बसतो, कारण सगळ्यांत निष्ठावान चाहता तिथेच आगाऊ पैसे भरून मोकळा झालेला असतो. त्यामुळे नव्या अल्बमची ऑर्डर देण्याआधी कलाकाराच्या संकेतस्थळावर काय चाललंय ते पाहण्याची पाच मिनिटं कधीच वाया जात नाहीत.

याच साधनाचा दुकानांनी स्वतःसाठी केलेला वापरही आहे. ब्रिटनमधल्या काही स्वतंत्र दुकानांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन ‘डिंक्ड एडिशन’ सुरू केलं. क्रमांक घातलेली, थोड्या प्रतींची आवृत्ती, फक्त सहभागी दुकानांतून. गिऱ्हाईक आधी नोंदवतं, मग माल येतो. नोंदणीमुळे किती मागवायचं याचा अंदाज आधीच हातात असतो. छोट्या दुकानाला मानवणारी मर्यादित आवृत्ती कशी असावी, याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत चांगलं उदाहरण.

दुसरी पायरी: एका रेकॉर्डचा हिशेब कागदावर मांडा

हे कुणी मांडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

समजा, रेकॉर्डची विक्री किंमत ३० पौंड आहे. ब्रिटनमध्ये त्यात २० टक्के व्हॅट आला, म्हणजे ५ पौंड सरकारचे. उरले २५. वितरकाकडून ती व्हॅट सोडून १८.५० ला मिळाली असं धरू. हातात ६.५० पौंड. कार्डयंत्राचे पन्नासेक पेन्स गेले की सहा. यातूनच भाडं, वीज, पगार.

आता दहा प्रती मागवा. खरेदी १८५ पौंड. सात प्रती विकल्यावर हातात १७५ येतात, म्हणजे अजून दहा पौंड तोटाच. आठवी विकली की २०० होतात आणि पहिल्यांदा पंधरा पौंड वर दिसतात. दहाही विकल्या तर ६५. सहावरच थांबल्या तर ३५ पौंडांचा खड्डा. दहातल्या सात विकल्या गेल्या म्हणून खूश होणारा दुकानदार प्रत्यक्षात तोट्यात असतो. रांग बघून हे लक्षात येत नाही, गल्ला बघूनही नाही.

नेहमीच्या मालात हा धोका थोडा सौम्य असतो. चालू अल्बम आज नाही तर दोन महिन्यांनी जातो, संपला की दोन प्रती परत मागवता येतात. रेकॉर्ड स्टोअर डेचा माल पक्की खरेदी असते. उरलेला परत घेतला जात नाही. घेतला तो तुमचा.

म्हणून आमच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन आकडे असतात: किती मागवायच्या आणि कितव्या प्रतीला पैसे वसूल होतात. दुसरा आकडा पहिल्याला जवळपास टेकत असेल, म्हणजे खरेदीचा भाव विक्रीच्या भावाला फार चिकटलेला असेल, तर ते नाव आम्ही सोडतो. महागड्या बॉक्स सेटच्या, म्हणजे एका पेटीत अनेक रेकॉर्ड असलेल्या संचांच्या, बाबतीत हे हमखास होतं.

तिसरी पायरी: मागणी मोजा, आणि ऑर्डर फुगवू नका

यादी जाहीर झाल्यावर गिऱ्हाइकांकडून पसंतीच्या नावांच्या चिठ्ठ्या घ्या. प्रत बाजूला ठेवण्याचं वचन मात्र देऊ नका. सहभागी दुकानांना नियम पाळायची लेखी हमी द्यावी लागते: प्रत्येक माणसाला एका नावाची एकच प्रत, आगाऊ विक्री नाही, ओळखीच्यासाठी राखून ठेवणं नाही, ऑनलाइन विक्री ठरवून दिलेल्या वेळेनंतरच. चिठ्ठी म्हणजे फक्त अंदाज.

अंदाजातही एक खाच आहे. माणसं उत्साहात वीस नावं लिहितात आणि खिशाकडे बघून चार घेतात. म्हणून आम्ही नावं पसंतीच्या क्रमाने लिहायला सांगतो आणि मोजताना पहिली पाचच धरतो. ज्या रेकॉर्डला अशा आठ चिठ्ठ्या आल्या, तिच्या बारा मागवतो. दीडपट, त्यावर नाही.

यानंतर येतो वाटपाचा भाग, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. वितरकाकडे मर्यादित प्रती असतात आणि शेकडो दुकानांच्या मागण्या. त्यामुळे तुम्ही दहा मागितल्या तर चार येतात, कधी एकही नाही. हे माहीत असल्यामुळे दुकानदार हव्या असतील त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मागतात. पहिल्याच वर्षी एका पिक्चर डिस्कच्या, म्हणजे तबकडीवरच चित्र असलेल्या रेकॉर्डच्या, मी बारा प्रती मागितल्या. तीन-चार येतील, त्याच हव्या होत्या. बाराच्या बारा आल्या. सगळ्याच दुकानांनी हात आखडता घेतला होता, आणि ते मला कळायला मार्ग नव्हता. त्यातल्या पाच पुढच्या वर्षीच्या रेकॉर्ड स्टोअर डेलाही शेल्फवरच होत्या.

तेव्हापासून नियम एकच: सगळ्या आल्या तरी सोसतील एवढ्याच मागा. कमी आल्या तर गिऱ्हाईक नाराज होतं, पण त्याला खरं सांगता येतं. जास्त आल्या तर कुणाला सांगायची सोय नसते.

कोणाच्या रेकॉर्ड घ्यायच्या

यादीत नेहमी दोन जाती असतात. एक, जुन्या गाजलेल्या अल्बमचं नव्या रंगात पुन्हा दाबलेलं, म्हणजे साच्यातून नव्याने काढलेलं, रूप. दुसरी, छोट्या लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीचं, नवं किंवा हरवलेलं काम. पहिली लवकर विकली जाते हे खरं. पण त्याच अल्बमची जुनी, चांगली प्रत आमच्या सेकंडहँडच्या खणात निम्म्या किमतीला पडलेली असते.

छोट्या लेबलांवर या दिवसाचा उलटा परिणामही झाला आहे, आणि दुकानदाराने तो समजून घ्यायला हवा. रेकॉर्ड दाबण्यापूर्वी लॅकर नावाचा लेप चढवलेल्या तबकडीवर खाचा कोरतात, त्यावरून धातूचे साचे बनतात, आणि एक साचा साधारण हजारभर प्रतींनंतर झिजतो. कोरणं आणि साचे यांचा खर्च तीनशे प्रतींना जेवढा, जवळपास तेवढाच तीन हजारांना. त्यामुळे तीनशे प्रती काढणाऱ्या लेबलला दर प्रतीमागे खर्च खूप येतो. त्यात वसंत ऋतूच्या आधी कारखान्यांच्या यंत्रांवर मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरची गर्दी. २०१५ मध्ये सॉनिक कॅथीड्रल आणि हाउलिंग आउल या दोन ब्रिटिश लेबलांनी याचा निषेध म्हणून ३६५ प्रतींची एक रेकॉर्ड काढली आणि ती वर्षभर रोज एक याप्रमाणे विकायला ठेवली. पुढे ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. लॅकरच्या तबकड्या बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, राहिला एक, जपानमधला. त्यानंतरच्या दोन वर्षांत छोट्या लेबलांना आपल्या रेकॉर्डसाठी अनेक महिने थांबावं लागलं. आता कारखाने वाढले आहेत, वाट कमी झाली आहे.

आमच्या ऑर्डरमध्ये आम्ही साधारण एक तृतीयांश नावं छोट्या लेबलांची ठेवतो. प्रत्येकी दोन किंवा तीन प्रती. त्या एप्रिलमध्ये गेल्या नाहीत तरी सप्टेंबरमध्ये जातात, कारण त्या दुसरीकडे मिळत नाहीत. आणि त्या घ्यायला येणारं माणूस दर महिन्याला येणारं असतं.

चौथी पायरी: एकूण रकमेला लगाम

प्रत्येक नावाचा हिशेब बरोबर असूनही सगळ्यांची बेरीज दुकान बुडवू शकते. म्हणून शेवटी एकच परीक्षा घ्या: यातला तीस टक्के माल पडून राहिला तर?

एकूण खरेदी १०,००० पौंडांची धरा. सत्तर टक्के माल वरच्याच भावाने गेला तर व्हॅट सोडून सुमारे ९,४६० पौंड येतात. वितरकाचे देणे १०,०००. म्हणजे शनिवारी दुकान खच्चून भरलं, सोमवारी सगळ्यांचे पाय दुखत होते, आणि मे महिन्यात बिल भरायला ५४० पौंड खिशातून घालायचे. पगार आणि भाडं अजून दिलेलंच नाही. ही तूट तुम्ही सहज सोसू शकत नसाल, तर बेरीज खाली आणा. कापताना आधी लाल पेनाची नावं कापा, मग बॉक्स सेट.

पाचवी पायरी: खोकी उघडताना

माल आल्याच्या दिवशीच सगळी खोकी उघडा. कोपरा दबलेला, बाजूची शिवण फाटलेली, तबकडी वाकलेली असं काही दिसलं तर त्याच दिवशी फोटो काढून वितरकाला कळवा. मर्यादित मालात बदली प्रत नसतेच, फक्त रक्कम परत मिळते, तीही वेळेत सांगितलं तर. इकडे गिऱ्हाइकाला ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष माल ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागायचा अधिकार आहे. दोन्हींच्या मधे दुकान सापडू नये, एवढ्यासाठी ही घाई. रेकॉर्ड उभ्या ठेवा, हीटरपासून लांब.

सहावी पायरी: त्या दिवशी दुकान कसं मांडायचं

रांगेतल्या प्रत्येकाला नावांची छापील यादी द्या आणि ज्याच्या प्रती संपल्या त्यावर काट मारत मारत रांगेतून एका माणसाला फिरवत ठेवा. तीन तास उभं राहून दारात ‘संपली’ ऐकणं हे माणूस विसरत नाही.

फ्लिपर, म्हणजे घेऊन दुपारी दुप्पट किमतीला ऑनलाइन विकणारे, दर वर्षी येतात. त्यांना ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. एका नावाची एकच प्रत हा नियम सगळ्यांना सारखा लावा, तेवढं पुरतं. मला त्यांचा राग येतो, कारण रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शाळकरी मुलीची प्रत ते घेऊन जातात. तरी गल्ल्यावर उभं राहून कुणाची नियत तपासायची नसते.

खरं लक्ष द्यायचं ते सेकंडहँडच्या खणांकडे. त्या दिवशी ते सर्वांत पुढे, रांगेच्या वाटेवर हवेत, आणि निदान दोन महिने जमवलेला चांगला माल त्यात त्या सकाळी पहिल्यांदा यायला हवा. कारण हिशेबातच आहे. जुनी रेकॉर्ड ६ पौंडांना घेतली आणि १५ ला विकली. जुन्या मालावर इथे व्हॅट फक्त फरकावर लागतो, म्हणजे ९ पौंडांचा सहावा हिस्सा, दीड पौंड. हातात साडेसात. तीस पौंडांच्या नव्या मर्यादित रेकॉर्डमधून सुटले होते साडेसहा, आणि त्यासाठी साडेअठरा गुंतवले होते. सहा गुंतवून जास्त मिळतात. मर्यादित रेकॉर्ड माणसाला दारापर्यंत आणते, पण भाडं या खणातून निघतं. आमच्याकडे त्या शनिवारी नव्या मालाची विक्री जास्त असते आणि दुकानाला उरणारा पैसा जुन्या मालाचा असतो.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही रांगेत असाल तर एवढंच: हवी ती प्रत मिळाली की लगेच निघू नका. दहा मिनिटं खण चाळा. ‘माझ्यासाठी एक ठेवाल का’ असं त्या आठवड्यात विचारू नका, नाही म्हणताना आम्हालाही वाईट वाटतं. आणि जुन्या रेकॉर्ड विकायच्या असतील तर त्या आधी आम्हाला दाखवा.

महाराष्ट्रात दुकान काढायचं असेल तर

मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. माझ्या वडिलांच्या पिढीने पहिल्या पगाराची एलपी तिथून आणली होती. त्यानंतर रेकॉर्ड पुन्हा घेतल्या जाऊ लागल्या आहेत, आणि २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड दाबणारा कारखानाही सुरू झाला. पण परदेशी यादीतली रेकॉर्ड मागवली की वाहतुकीचं भाडं, सीमाशुल्क आणि चलनाचा फरक तिच्यावर चढतो, आणि उरली तर परत पाठवायचा प्रश्नच नाही. वरच्या हिशेबातली आठवी प्रत तिथे सहज नववी होते.

म्हणून परदेशी मर्यादित आवृत्ती फक्त आगाऊ पूर्ण पैसे घेऊन मागवा. बाकी भांडवल जुन्या मालात घाला. नाट्यसंगीत, भावगीतं, लावण्या, हिंदी चित्रपट, एचएमव्हीच्या एलपी आणि ईपी अजूनही घराघरांच्या माळ्यावर आहेत. तबकडी प्रकाशात तिरकी धरून ओरखडे बघायला आणि घरी येऊन खरेदी करताना योग्य भाव द्यायला शिकलात, तर जो माल तुमच्याकडे येईल तो खऱ्या अर्थाने मर्यादित असेल. त्याची यादी कुणी जाहीर करत नाही.

सातवी पायरी: उरलेल्या प्रतींचं काय

ऑनलाइनची वेळ उघडली की उरलेली प्रत्येक प्रत त्याच रात्री चढवा. परगावचे, ज्यांच्याजवळ दुकानच नाही असे लोक तेव्हाच शोधत असतात. पहिल्या आठवड्यात किंमत उतरवू नका आणि वाढवूही नका. रांगेत उभं राहिलेल्यांनी छापील किमतीला घेतलेली रेकॉर्ड तुम्हीच चढ्या भावाने विकायला काढली, तर तुमच्यात आणि फ्लिपरमध्ये फरक उरत नाही.

जूनच्या शेवटी वही पुन्हा उघडा. लाल पेनाची उरलेली नावं तेव्हाच खरेदीच्या भावाला काढून टाका. १८.५० पौंड मोकळे झाले की त्यात तीन जुन्या रेकॉर्ड येतात. छोट्या लेबलांच्या प्रतींना हात लावू नका. त्या महिन्यातून एकदा दुकानात वाजवा, मुखपृष्ठ गल्ल्याजवळ उभं करून. मग वहीत प्रत्येक नावापुढे तिसरा आकडा लिहा: किती उरल्या. पुढच्या फेब्रुवारीत यादी येईल तेव्हा समोर हेच पान उघडं हवं.